एकट्याने येऊ नये

सभागृहातल्या बहुतेकांचे डोळे पुढे उभ्या असलेल्या सॅक्सोफोनवाल्यावर खिळले होते. बारकी मात्र मागच्या माणसाच्या एका बोटाकडे पाहत होती.

एका प्रकाशन संस्थेचा वर्धापनदिन होता आणि त्या संस्थेची निम्मी पुस्तके बारकीच्या बाइंडरीत बांधली जात असल्याने तिला आणि तिच्या थोरल्या भावाला दुसऱ्या रांगेतल्या खुर्च्या मिळाल्या होत्या. भाषणे आटोपल्यावर जॅझ वाजवणारी एक मंडळी मंचावर आली. त्यांच्यात एक डबल बेस होता. व्हायोलिनचाच थोरला भाऊबंद, पण माणसाहून उंच, आणि त्याच्या खांद्याला खांदा लावून उभ्यानेच वाजवावा लागणारा. गजाऐवजी बोटांनी छेडला की त्यातून इतका खालचा स्वर निघे, की तो कानाआधी खुर्चीच्या पाठीला कळे. बेसवाल्याचा डावा हात जाड मानेवर वरखाली फिरत होता. अंगठ्याजवळचे बोट दाबत होते, मधले दाबत होते, करंगळी दाबत होती. करंगळीशेजारचे बोट मात्र स्वतःहून काहीच करत नव्हते. ते करंगळीला चिकटून नुसते हिंडत होते.

"दादा," ती भावाच्या कानाशी कुजबुजली, "त्याचं ते बोट बघ. फुकट पगार खातंय."

दादाने पाहिले, पण त्याला काही कळले नाही. किंवा कळले असावे, कारण त्याने हळूच नजर खाली करून तिच्या मांडीवरल्या डाव्या हाताकडे पाहिले आणि लगेच पुन्हा मंचाकडे वळवली. तिच्या हाताचे नेमके तेच बोट मधल्या पेराशी संपत होते.

चाळिशी ओलांडलेल्या बाईला बारकी म्हणणे तसे विनोदीच होते. पण ती धाकटी होती, बुटकी होती, आणि वडिलांनी ठेवलेले हे नाव बाइंडरीतल्या कामगारांपासून कागदाच्या व्यापाऱ्यापर्यंत सर्वांनी उचलले होते. वडिलांमागे बाइंडरी दोघा भावंडांनी चालवली. वरच्या मजल्यावर, कागदाच्या रिमांच्या थप्प्यांमध्ये, वडिलांच्याच वेळचा एक उभा पियानो होता. कामाला सुट्टी असली की दादा पियानोवर, बारकी गिटारवर आणि त्यांचा एक मित्र ड्रमवर, असे तिघे तिथे जॅझ वाजवीत. हा मित्र बेकरीची गाडी चालवायचा. त्याला सगळे घड्याळजी म्हणत. ड्रमवर त्याची लय कधी तसूभरही हलत नसे, आणि ठरलेल्या वेळी तो जन्मात कुठे पोहोचला नव्हता. नाव या दोन्ही गोष्टींमुळे पडले होते.

मग एकदा कटिंग मशीनच्या पात्याखाली अडकलेला कागद काढताना ते बोट गेले. जखम भरली, हात कामाला लागला, परंतु गिटारच्या तारांवर जी जुळवाजुळव त्या बोटाशिवाय होत नाही ती होईना. बारकीने पुष्कळ खटपट केली आणि अखेरीस गिटार एका शिकणाऱ्या मुलीला देऊन टाकली. त्या दिवसापासून दादाने तिला मशीनजवळ फिरकू दिले नाही. शिलाई, फर्मे म्हणजे छापील पानांचे घडी घातलेले गठ्ठे लावणे आणि हिशेब एवढेच तिच्याकडे ठेवले. वर पियानोवरही त्याने तसेच केले. तिची गिटार गप्प झाल्यावर संगीतात पडलेली पोकळी त्याने स्वतःच्या डाव्या हाताने बुजवली. खालचे स्वर तोच चालवू लागला आणि वर्षागणिक तो हात अधिकाधिक भरदार होत गेला. बारकी रिमांवर बसून ऐके, पाय हलवी, शेवटी टाळ्या वाजवी. तिला कुणी वगळले नव्हते. तरी त्या खोलीत आपल्याला करण्यासारखे काही उरलेले नाही, हे तिला दर वेळी नव्याने जाणवे.

वर्धापनदिनाहून परतताना ती म्हणाली, "मी डबल बेस घेणार."

"तू?" दादा हसला. "अगं, तुला उचलून ठेवायला स्टूल लागेल."

"गिटारच्या खालच्या चार तारांचे जे स्वर, तेच बेसचे. सगळं डोक्यात आहे माझ्या. आणि ते बोट लागतच नाही, तू बघितलंस ना?"

"बघितलं. पण हात आधी एकदा…" त्याने वाक्य अर्धे सोडले. "नंतर वाईट वाटून घेऊ नकोस, एवढंच."

"वाईट वाटायचं ते वाटून झालंय, दादा."

शहरातल्या मोठ्या वाद्यांच्या दुकानात एकच डबल बेस होता. काचेआड दिव्याखाली ठेवलेला, मधासारख्या रंगाचा, आरशासारखा चकचकीत. विक्रेता तरुण आणि उत्साही होता; त्याला स्वतःला थोडे वाजवताही येत होते. त्याने वाद्य तिच्या खांद्याशी टेकवले, जमिनीवर टेकणारी खालची खुंटी तिच्या उंचीला बेताची केली आणि तो बाजूला सरला. बारकीने पहिल्या बोटाने तार दाबली. तार मानेवरच्या पट्टीपासून इतकी वर होती, की ती दाबणे म्हणजे गंजलेली कडी सरकवण्यासारखे होते. तरी ती दबली. मधल्या बोटानेही दबली. करंगळीची पाळी आली तेव्हा मात्र तार नुसती भुणभुणली.

"करंगळी एकटी नाही दाबायची, मॅडम," विक्रेता म्हणाला. "शेजारचं बोट तिच्या मागे उभं राहतं. दोघं मिळून जोर लावतात. असं बघा…" आणि तिचा हात धरून दाखवायला तो पुढे झाला, तेव्हा त्याला ते अर्धे बोट दिसले. त्याचे कान लाल झाले. काहीतरी बोलणे भाग आहे असे वाटून तो म्हणाला, "आपण कीबोर्ड का बघत नाही? हल्लीच्या कीबोर्डवर एका बोटानंसुद्धा अख्खा बँड वाजतो."

"बँड मला नको आहे," बारकी म्हणाली. "बँडमधला एक माणूस व्हायचंय."

आवाज तिने शांत ठेवला होता, पण आत काहीतरी खचले होते. ते बोट फुकट पगार खात नव्हते तर. सभागृहात जे तिला रिकामे दिसले, ते मुकाट्याने दुसऱ्याचे ओझे उचलत होते. तिची सारी आशा एका चुकीच्या निरीक्षणावर उभी राहिली होती.

दुकानाच्या दाराजवळ जाहिराती लावायची एक फळी होती. भाड्याने खोली, हरवलेले मांजर, गायनाचे वर्ग. त्यांच्यात एका पांढऱ्या कार्डावर सुबक अक्षरात लिहिले होते: 'डबल बेस विकणे आहे. एकट्याने येऊ नये.' खाली पत्ता. बारकीने ते दोनदा वाचले. कार्ड लिहिणारा माणूस तऱ्हेवाईक असला पाहिजे, असे तिला वाटले. आणि रिकाम्या हाताने घरी जाऊन दादाचा समजूतदार चेहरा पाहण्यापेक्षा तऱ्हेवाईक माणूस परवडला, असेही वाटले.

दार उघडले ते एका म्हाताऱ्या बाईंनी. उंचीने त्या बारकीच्याच जोडीच्या होत्या. केस अगदी बारीक कापलेले, अंगात कोपरापर्यंत बाह्या दुमडलेला सैल सदरा. आतल्या लांबट खोलीत एक पियानो, काही खुर्च्या आणि दोन डबल बेस. एक भिंतीला टेकलेला, दुसरा जमिनीवर कुशीवर निजवलेला. शिकायला येणारी मुले त्यांना नुसते बाई म्हणत, हे पुढे कळले.

"एकटीच आलीस?" बाईंनी तिच्या मागे जिन्यात डोकावून पाहिले. "कार्ड वाचता आलं नाही का?"

"आलं. माझी माणसं आहेत, पियानोवाला आणि ड्रमवाला. पण त्यांना आणण्याआधी मला जमतंय का, हे बघायचं होतं." आणि विषय एकदाचा संपवावा म्हणून तिने डावा हात पुढे केला.

बाईंनी तो हात सरळ आपल्या हातात घेतला. करंगळी मागे वाकवून पाहिली, मग तळव्यावर जोर लावायला सांगितले. 'अरेरे' नाही, 'कसं झालं' नाही.

"करंगळी बरी आहे. काय काम करतेस?"

"बाइंडर. हातशिलाई माझ्याकडेच असते."

"म्हणून. दोरा ओढून ओढून तयार झालीय." त्यांनी जमिनीवरला बेस उचलून उभा केला. तो दुकानातल्यासारखा देखणा नव्हता. पातळ फळ्या एकमेकींवर चिकटवून केलेला, रंग काळपट तपकिरी, एका कडेला ठिगळ. "हा विकायचा आहे. दुसरा मेल्यावर." त्या भिंतीकडे बोट दाखवून म्हणाल्या, आणि आपण मेल्यावर की बेस मेल्यावर, याचा खुलासा त्यांनी केला नाही.

तारा ज्या लाकडी घोडीवरून जातात, तिच्या दोन्ही पायांत पितळी चकत्या बसवलेल्या होत्या. बाईंनी तारा किंचित सैल केल्या, चकत्या फिरवल्या, घोडी खाली आली आणि तिच्याबरोबर ताराही पट्टीच्या जवळ आल्या. "आता दाब."

बारकीने करंगळी टेकवली आणि तिच्यामागे हाताचे, खांद्याचे, जवळजवळ पाठीचेही वजन घातले. तार दबली. उजव्या हाताने छेडली तेव्हा स्वर निघाला. तिने दाबलेला, तिचा स्वतःचा. तो बरगड्यांतून आत गेला आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आले.

"रडायचं असेल तर आधी बेस खाली ठेव," बाई म्हणाल्या. "आणि ऐकून घे. तारा खाली घेतल्या की दाबायला सोप्या होतात, पण आवाज लहान होतो. हा बेस आता ओरडणार नाही. तुझ्या माणसांना चालेल की नाही, ते त्यांनी ठरवायचं. म्हणून मी एकट्याला विकत नाही. बेस वाजवणारा त्याच्या मागे उभा असतो. समोर काय पोहोचतं, ते त्याला कधीच कळत नाही. दुपारची येत जा, हात बसव. मग घेऊन ये त्यांना."

बारकी दुपारच्या सुट्टीत जाऊ लागली. करंगळीच्या टोकाला आधी फोड आला, मग तिथली कातडी जाड झाली. मनगट सुजले तेव्हा बाईंनी वाजवणे थांबवून तिला नुसते उभे राहायला शिकवले. सूज उतरल्यावर ठोक्याला एक याप्रमाणे स्वर ठेवत जायचे, चालणारा माणूस पावले टाकतो तसे. न अडखळता, न धावता, दुसऱ्यांना भरवशाने पाय ठेवता यावा असे. बाइंडरीत फर्मे लावताना तिचे ओठ मोजत असत. दादाला सारे दिसत होते. तो काही विचारत नव्हता. मात्र रोज घरी परतताना पिशवी तिच्या हातातून काढून घेई.

ठरलेल्या दिवशी बाईंकडे दादा लवकर आला आणि घड्याळजी उशिरा. त्याने फक्त एक छोटा ड्रम आणि काठ्यांऐवजी तारांचे दोन ब्रश आणले होते. दारातूनच बेस पाहून तो ओरडला, "बारके, हे काय धूड! यात तू राहायला जाणार आहेस का?"

"भाडं परवडलं तर."

"बरं झालं, तुझी उंची बघून तुला सारंगी वगैरे कुणी चिकटवली नाही." मग बाईंकडे लक्ष जाऊन तो एकदम सभ्य झाला. "माफ करा हं. आमच्यात असंच बोलतात."

"बोला की," बाई म्हणाल्या. "वाजवून झाल्यावर बोलण्यात दम उरतो का, तेवढं बघू."

त्यांनी एक जुनी, तिघांनाही पाठ असलेली धीमी धून निवडली. बाई खोलीच्या दुसऱ्या टोकाला खुर्ची टाकून बसल्या. बारकीने श्वास घेतला आणि पहिला स्वर ठेवला. मग दुसरा. पियानो आला, ब्रश सळसळले. एवढ्या वर्षांनी ती पुन्हा त्या दोघांच्या मध्ये उभी होती, तिच्या अंगाला धून लागत होती, हात चुकत नव्हता. धून संपली तेव्हा ती हसत होती. आणि मग तिने त्यांचे चेहरे पाहिले.

"छान झालं," दादा पटकन म्हणाला. "खरंच छान. तू इतकं शिकलीस, मला वाटलंच नव्हतं."

"पण?"

"पण कसला? हळूहळू होईल."

बारकी घड्याळजीकडे वळली. तो ब्रशची तार सरळ करत होता. "खोटं बोलायला मला जमत नाही, बारके. तू वाजवताना दिसतेस. ऐकू येत नाहीस. म्हणजे काहीतरी गुरगुरतं खाली, पण स्वर कळत नाही."

बाईंनी मान हलवली. "मला इथे पियानो ऐकू आला. बेस नाही."

"आपण माइक लावू," दादा म्हणाला. "किंवा तारा थोड्या वर…" तो थांबला, कारण तारा वर गेल्या की काय होते हे त्याला तिने सांगितले होते. मग तो उठून तिच्याजवळ आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "हे बघ, वाजवलंच पाहिजे असं कुठे आहे? तू असतेस तिथे, तेवढं पुरे आहे आम्हाला. उगाच हाताला त्रास करून घेऊ नकोस."

त्याच्या डोळ्यांत इतकी माया होती, की बारकीला त्याच्याकडे पाहवेना. पुन्हा त्या कागदाच्या रिमांवर बसायचे, पाय हलवायचा, टाळ्या वाजवायच्या. तिने बेस अलगद बाईंकडे दिला.

"तुम्ही वाजवा, बाई. समोर काय येतं ते मला एकदा ऐकू दे. मग जाते मी."

बाई बेस घेऊन पियानोजवळ गेल्या. त्या उभ्या राहिल्या आणि तीच धून पुन्हा सुरू झाली. बारकी त्यांच्या खुर्चीवर जाऊन बसली. बाईंची पाचही बोटे शाबूत होती, त्यांच्या हातात आयुष्यभराची ताकद होती. आता बेस घुमेल आणि आपल्याला आपली जागा कळेल, अशी तिने मनाची तयारी केली होती. पण बेस घुमला नाही. बाईंची बोटे चालताना दिसत होती आणि कानावर येत होते ते तसेच गढूळ, जाडसर काहीतरी. तिने डोळे मिटले, उघडले. मग ती खुर्चीवरून उठली आणि वाजवणाऱ्यांना न थांबवता चालत पियानोजवळ गेली.

दादाचा डावा हात खालच्या पट्ट्यांवर चालत होता. एका ठोक्याला एक स्वर. न अडखळता, न धावता. बाईंचे बोट ज्या स्वरावर जाई, त्याच स्वरावर किंवा त्याला खेटून दादाची करंगळी उतरत होती. मोठी, भरदार, अनेक वर्षांच्या सवयीची.

बाइंडरीत एक चूक नवख्या कामगाराच्या हातून हमखास होते. पुस्तकाचे फर्मे क्रमाने लावताना एकच फर्मा दोनदा घातला जातो. पुस्तक जाड होते, भारी दिसते, पण वाचणारा तीच पाने पुन्हा वाचत गोंधळून जातो. अशी चूक बारकीला नुसत्या अंगठ्याने कळत असे.

"थांबा," ती म्हणाली. "दादा, फर्मा दोनदा लागलाय."

दादाचे हात पट्ट्यांवर थबकले. बाई आणि घड्याळजी काही न कळून एकमेकांकडे पाहू लागले, पण दादाला अर्थ लगेच कळला होता. त्याने आपल्या डाव्या हाताकडे असे पाहिले, की जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता.

"मी बेस वाजवतोय," तो सावकाश म्हणाला.

"केव्हाचाच. माझी गिटार गेली तेव्हापासून."

"कुणीतरी वाजवायला हवंच होतं ना!" त्याचा आवाज एकाएकी चढला. "तुझी जागा रिकामी दिसायची मला. रोज दिसायची. ती मी भरून काढली, यात माझं काय चुकलं?"

"काही नाही चुकलं. पण भरून काढलीस ना, दादा, म्हणून आता मला उभं राहायला जागा नाही."

घड्याळजीने ड्रमवरचा नसलेला धुरळा फुंकला. दादाचा चेहरा उतरला होता. अपमान झाल्यासारखाही, आणि बरीच वर्षे उचललेले ओझे कुणी अचानक मागितल्यावर माणूस गोंधळावा, तसाही. बाईंनी कुणाचीच बाजू घेतली नाही. त्यांनी बेस बारकीच्या खांद्याला पुन्हा टेकवला आणि त्या आपल्या खुर्चीवर जाऊन बसल्या.

"काय करू मग?" दादाने विचारले. "सवय आहे ती. थांबवतो म्हटलं तरी हात जाणार."

"त्याच्यावर बस," घड्याळजी म्हणाला.

"काय?"

"मांडीखाली घाल की. बस त्याच्यावर. जाणार कुठे?"

दादाने खरोखरच डावा हात मांडीखाली घातला. पन्नाशीच्या उंबरठ्यावरचा तो गंभीर माणूस असा तिरका बसलेला पाहून बारकीला हसू फुटले, आणि तिच्यामागून दादालाही. मग तिने पहिला स्वर ठेवला.

दादा अडखळला. एकाच हाताने धून चालवताना त्याला आधार सापडेना. जिथे स्वतःच्या बोटांवर टेकायची सवय होती, तिथे काहीच नव्हते. दोनदा त्याने चुकीची पट्टी दाबली आणि 'च्' केले. बारकी थांबली नाही. धीम्या चालीने ती पुढे जात राहिली आणि हळूहळू दादाचे कान तिच्याकडे वळले. त्याने स्वर कमी केले. जिथे तिचे पाऊल पडे, तिथे तो वरून दोनतीन स्वर ठेवी आणि वाट पाही. घड्याळजीचे ब्रश कुजबुजीइतके खाली आले. आणि मग, ज्या जागेत इतका वेळ नुसती गुरगुर होती, तिथे एक एक स्वर गोल, स्पष्ट, किंचित खरखरीत उमटू लागला. आवाज मोठा नव्हता. पण खोलीतले बाकी सगळे त्याच्यावर उभे होते. एका ठिकाणी करंगळी घसरली आणि तार भुणभुणली. बारकीने दात आवळून पुढचा स्वर वेळेवर गाठला.

धून संपल्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

"हं," बाई म्हणाल्या आणि दादाकडे वळल्या. "बोला. तुम्ही ठरवायचं. हा बेस याहून मोठा आवाज देणार नाही. दर वेळी तुम्हालाच लहान व्हावं लागेल. झेपेल?"

दादाने मांडीखालचा हात काढला, मुंग्या आल्या होत्या म्हणून झटकला, आणि बराच वेळ तो दुसऱ्या हाताने चोळत राहिला. "मला वाटत होतं, मी तिला सांभाळून घेतोय," तो म्हणाला. "आज तिच्या आधारावर वाजवलं. बरं वाटलं." त्याने खाकरून घसा साफ केला. "झेपेल. शिकावं लागेल, पण झेपेल."

"आणि तुम्हाला?"

"मला काय," घड्याळजी म्हणाला, "हळू वाजवलं की शेजारी शिव्या देत नाहीत. माझा फायदाच आहे."

व्यवहार मग चहा उकळेपर्यंत उरकला. बाईंनी सांगितलेली किंमत वाजवी होती आणि बारकीने घासाघीस केली नाही. तिने फक्त एक मागितले: दुपारचे येणे चालू राहावे. "येशीलच," बाई म्हणाल्या. "वाद्य घेतलंस. वाजवायला कुठे आलंय अजून? ती करंगळी सरळ पडते, तिला वाकायला शिकवायचंय." मग घोडीच्या चकत्या कधी हात न लावण्याबद्दल, बेस उन्हात न ठेवण्याबद्दल आणि दारातून नेताना आधी मान, मग पोट, या क्रमाबद्दल त्यांनी इतक्या सूचना दिल्या, की घड्याळजीने "लेकीची पाठवणी चाललीय" असे पुटपुटून त्यांचा एक कटाक्ष ओढवून घेतला.

खोळ चढवलेला बेस तिघांनी जिन्यावरून खाली उतरवला. बेकरीची गाडी रिकामी होती, पण आतला पावाचा वास गेला नव्हता. गोधड्या अंथरून त्यांनी बेस कुशीवर निजवला. पुढे चालकाशेजारी एकच जागा होती.

"तू पुढे बस," दादा म्हणाला. "मागे धक्के बसतात. मी धरतो त्याला."

बारकी नुसती त्याच्याकडे पाहत उभी राहिली. दादाचा गाडीच्या दाराकडे गेलेला हात तिथेच राहिला. मग तो बाजूला झाला.

"बरं," तो म्हणाला. "वळणावर घट्ट धर."

ती मागे चढली आणि पालथ्या ठेवलेल्या एका क्रेटवर बसली. बेसची मान तिने मांडीवर घेतली. गाडी निघाली. संध्याकाळची गर्दी सुरू झाली होती. मागच्या दाराच्या काचेतून दुकानांचे दिवे, सायकली, घरी परतणारी माणसे मागे मागे सरकत होती. चौकात गाडी थांबली. घड्याळजीला उजवीकडे वळायचे होते आणि समोरून वाहनांची रांग संपत नव्हती. गाडीचा इंडिकेटर टिकटिकत होता, संथ, अगदी एकसारखा.

बारकीने खोळीची चेन मानेपुरती उघडली. पहिल्या बोटाने तार दाबून, अवघडल्या उजव्या हाताने ती छेडली. टिकटिकीवर एक स्वर. मग मधले बोट. मग, खांद्याचे सारे वजन घालून, करंगळी. निजलेल्या बेसच्या पोटातून आवाज निघाला आणि गाडीच्या पत्र्यात भरून राहिला.

"बारके, रांग संपेल आता," पुढून घड्याळजी म्हणाला. "चालीत वाजवतेयस की नाही?"

"तुझा इंडिकेटर चालीत असेल तर."

दादा मागे वळला नाही. काचेबाहेर पाहत तो धून गुणगुणू लागला, फक्त वरची, फक्त आपल्या वाट्याची. रांगेत फट पडली, घड्याळजीने गाडी वळवली आणि इंडिकेटर बंद झाला. बारकी पुढचा स्वर शोधत होती. तो सापडला तेव्हा वेळेवर होता.